सीसीआर5 डेल्टा 32 : चाचणी कशी लावायची आणि निकाल कसा वाचायचा

एचआयव्हीच्या वारंवार संपर्कात येऊनही बाधा न झालेली काही माणसं असतात. त्यातल्या काहींच्या बाबतीत यामागचं ठोस जनुकीय कारण 1996 साली सापडलं. टी-पेशीत शिरताना हा विषाणू आधी सीडी4 या रेणूला चिकटतो, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. त्याला आणखी एक ग्राहक (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, रिसेप्टर) लागतो आणि नवीन लागण होताना तो बहुतेक वेळा सीसीआर5 असतो. या ग्राहकाचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. काही लोकांत त्यातली डीएनएची सलग 32 अक्षरं गळालेली असतात. या गळतीलाच डेल्टा 32 म्हणतात. 32 ला तीनने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे गळतीच्या पुढचं सगळं वाचन सरकतं आणि 352 ऐवजी 215 अमिनो आम्लांचं तोकडं प्रथिन बनतं. ते पेशीच्या पृष्ठभागावर पोचत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही अशी प्रत आली, तर सीसीआर5 वापरणाऱ्या विषाणूला त्या पेशीत शिरताच येत नाही.

ही गळती शोधण्याची चाचणी एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात बसेल इतकी साधी आहे. एक पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) आणि एक जेल (त्या तुकड्यांना आकारानुसार वेगळं करणं), काम एका दिवसात उरकतं. सोपी म्हणूनच ती गाफीलपणे केली जाते. चुका जेल चालवताना फारशा होत नाहीत. योग्य कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) न लावल्यामुळे आणि निकालातून हवा तो अर्थ काढल्यामुळे होतात. ज्यांच्या हातात तयार अहवाल आहे, त्यांनी थेट शेवटच्या दोन भागांकडे जायला हरकत नाही.

नमुना

रक्त घेण्याआधी लेखी संमती घ्या. अभ्यासासाठी नमुने गोळा करत असाल, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरीही आधीच हातात हवी. व्यक्तीची एचआयव्ही स्थिती नोंदवणार असाल, तर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू होतो. संमतीशिवाय चाचणी नाही आणि गोपनीयतेत तडजोड नाही. नळीवर नाव लिहू नका, सांकेतिक क्रमांक घाला. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात ठेवा. जनुकीय निकाल एकट्या माणसाचा नसतो, तो भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही काही सांगतो. संमती घेताना हे बोलून दाखवायला हवं.

जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत 2 मिली रक्त पुरतं. नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा, हलवून फेस काढू नका. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी टाळाच. हेपॅरिन डीएनएबरोबर शेवटपर्यंत येतं आणि पीसीआर अडवतं. मग अर्धा दिवस प्रायमरला (पीसीआर कुठून सुरू व्हायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांना) दोष देण्यात जातो. रक्त 4 अंशांवर दोन-तीन दिवस चांगलं राहतं. त्याहून जास्त थांबायचं असेल तर छोटे भाग करून उणे 20 अंशांवर ठेवा आणि पुन्हा पुन्हा वितळवू नका.

गालाच्या आतला स्वॅबही चालतो. त्याआधी अर्धा तास खाणं-पिणं बंद, मग प्रत्येक गालाला 30 सेकंद नीट घासून घ्यायचं. त्यात मिळणारा डीएनए कमी असतो आणि जिवाणूंचा डीएनएही मिसळलेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

एक प्रश्न नमुन्याच्या फॉर्मवर छापलेलाच असावा : अस्थिमज्जा किंवा मूलपेशी प्रत्यारोपण झालं आहे का? झालं असेल तर रक्तातून दात्याचं जनुक दिसतं, रुग्णाचं नाही. स्वॅबमध्येही दात्याच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे तिथे दोन्हींची सरमिसळ दिसू शकते.

प्रत्येक नमुना बाधित आहे असं धरूनच हाताळा. हातमोजे घाला, सुईला टोपण परत लावू नका, सांडलेल्या रक्तावर 1% सोडियम हायपोक्लोराइट टाकून अर्धा तास थांबा. मात्र डीएनए काढण्याच्या कॉलम किटचा टाकाऊ द्रव हायपोक्लोराइटमध्ये कधीही ओतू नका. त्यात ग्वानिडिनचे क्षार असतात आणि दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो. त्या द्रवासाठी वेगळी बाटली ठेवा.

डीएनए काढणं

कॉलम किट असेल तर 200 मायक्रोलिटर रक्तातून साधारण 4 ते 8 मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो. एका पीसीआरला 50 नॅनोग्रॅम लागतात, म्हणजे साठा भरपूर होतो. किट परवडत नसेल तर मिठाची जुनी पद्धत आजही उत्तम चालते. रक्तात तिप्पट अमोनियम क्लोराइडचा बफर घालून 10 मिनिटं ठेवा, लाल पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूज करून वरचा लाल द्रव टाका. खालची गोळी पांढरी दिसेपर्यंत हेच पुन्हा करा. गुलाबी गोळी घेऊन पुढे गेलात तर हिमोग्लोबिनमधला हीम पीसीआरमध्ये येऊन त्रास देतो. मग एसडीएस आणि प्रोटिनेज के घालून 56 अंशांवर दोन तास, किंवा सोयीचं असेल तर रात्रभर. त्यानंतर संपृक्त मीठपाणी घालून 15 सेकंद जोरात हलवा. या सगळ्या पद्धतीत जोर लावायची हीच एक जागा आहे. प्रथिनं खाली बसली की वरचा नितळ द्रव नव्या नळीत घ्या आणि त्यात दुप्पट थंड इथेनॉल ओता. नळी हळूच कलती केली की पिंजलेल्या कापसासारखा पांढरा तंतू तरंगताना दिसतो. तो टिपने उचला, 70% इथेनॉलमध्ये धुवा, वाळवा आणि 10 मिलिमोलर ट्रिसमध्ये विरघळवा. पूर्ण खडखडीत वाळवला तर तो विरघळायला दिवस घेतो. नळीच्या कडेचे थेंब गेले की थांबा.

मोजणीत 260/280 चं गुणोत्तर (260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं) 1.8 च्या आसपास हवं. 1.6 च्या खाली आलं तर प्रथिनं उरली आहेत असं समजा. सगळे नमुने 25 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरला आणून ठेवा. हा कंटाळवाणा टप्पा गाळला की जेलवर एक बँड (डीएनएच्या तुकड्यांचा पट्टा) ठळक आणि शेजारचा फिका दिसतो आणि तुलना करणंच अवघड होतं.

प्रायमर आणि कंट्रोल

प्रायमर गळालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बसतील असे घ्या. सर्वाधिक वापरली जाणारी एक जोडी सामान्य प्रतीसाठी 189 आणि गळालेल्या प्रतीसाठी 157 बेसपेअरचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) तुकडा देते. पुढचे आकडे त्याच जोडीचे आहेत. स्वतःची जोडी बनवत असाल तर तुकडा 250 च्या आत ठेवा. 600 च्या तुकड्यात 32 चा फरक साध्या जेलवर ओळखू येत नाही. शेजारीच बसलेलं सीसीआर2 हे जनुक सीसीआर5 शी बरंच मिळतंजुळतं आहे, म्हणून प्रायमरचं 3 प्राइम टोक तिथे जुळत नाही ना, हे संगणकावर तपासून मगच ऑर्डर द्या.

भारतात खरी अडचण कंट्रोलची येते. सामान्य प्रतीचा डीएनए कोणाचाही मिळेल. डेल्टा 32 च्या दोन्ही प्रती असलेली व्यक्ती मात्र इथे शोधून सापडणार नाही. म्हणून कंट्रोल न लावता फक्त लॅडरवरून (माहीत असलेल्या आकारांच्या तुकड्यांच्या मापपट्टीवरून) आकार ठरवण्याचा मोह होतो. तो टाळा. जनुकप्रकार माहीत असलेल्या सेल लाइनचा (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा) डीएनए मागवता येतो. नाहीतर गळालेल्या प्रतीचा सुमारे 200 बेसपेअरचा कृत्रिम दुपदरी तुकडा बनवून घ्या, तो स्वस्त पडतो. पण तो वापरताना हिशोब नीट करा. 50 नॅनोग्रॅम मानवी डीएनएमध्ये या जनुकाच्या साधारण 15,000 प्रती असतात. तेवढ्याच प्रती 200 बेसपेअरच्या कृत्रिम तुकड्याच्या फक्त 3 फेम्टोग्रॅममध्ये भरतात. म्हणजे 1 नॅनोग्रॅमवाली नळी चुकून उघडी राहिली, तर खोलीत अब्जावधी प्रती पसरायची सोय झाली, आणि पुढचे कित्येक महिने प्रत्येक नमुन्यात 157 चा बँड दिसत राहील. मूळ नळी वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने उघडायची. तिथेच टप्प्याटप्प्याने पातळ करायची आणि पीसीआरच्या खोलीत फक्त शेवटचं पातळ द्रावण न्यायचं.

प्रत्येक फेरीत चार कंट्रोल हवेत : सामान्य, दोन्ही प्रती गळालेला, मिश्र (एक प्रत सामान्य, एक गळालेली) आणि डीएनएऐवजी पाणी घातलेला. मिश्र कंट्रोलसाठी सामान्य डीएनए आणि पातळ केलेला कृत्रिम तुकडा समान प्रतींच्या प्रमाणात मिसळा.

पीसीआर

25 मायक्रोलिटरच्या एका नळीत 12.5 मायक्रोलिटर दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स, 10 मायक्रोमोलरचा प्रत्येक प्रायमर 1 मायक्रोलिटर, पाणी 8.5 आणि डीएनए 2 मायक्रोलिटर. 20 नमुने आणि 4 कंट्रोल असतील तर 26 नळ्यांचं मिश्रण एकत्र करा : मास्टर मिक्स 325, दोन्ही प्रायमर 26-26, पाणी 221 मायक्रोलिटर. प्रत्येक नळीत 23 मायक्रोलिटर भरा आणि डीएनए सगळ्यात शेवटी घाला. पाण्याचा कंट्रोल सर्वांत शेवटी बंद करा, म्हणजे आधी कुठे शिंतोडा उडाला असेल तर तो तिथे पकडला जाईल.

मशीनवर 95 अंश 5 मिनिटं. मग 35 फेऱ्या : 95 अंश 30 सेकंद, 58 अंश 30 सेकंद, 72 अंश 30 सेकंद. शेवटी 72 अंश 7 मिनिटं. 58 हे सुरुवातीचं तापमान आहे. नवीन प्रायमर आल्यावर 54 ते 62 चा ग्रेडियंट एकदा लावून आपल्या मशीनवर काय चांगलं चालतं ते ठरवा. बँड फिके येतात म्हणून फेऱ्या 40 वर नेऊ नका. त्याने फिका नमुना सुधारत नाही, पाण्याच्या नळीत मात्र बँड उगवतो.

जेल

इथे 1.5% चं नेहमीचं जेल चालणार नाही. 157 आणि 189 एकमेकांना चिकटून एकच जाड पट्टा दिसेल. 3% अ‍ॅगारोज घ्या, म्हणजे 100 मिली टीबीई बफरला 3 ग्रॅम. एवढी पावडर गरम बफरमध्ये टाकली की गाठी होतात. थंड बफरमध्ये भुरभुरवून 10 मिनिटं भिजू द्या, फ्लास्कचं वजन करून ठेवा, मग मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवा. उकळताना जितकं वजन घटलं तितकं गरम पाणी घाला, नाहीतर तुमचं 3% प्रत्यक्षात साडेतीन होतं. पूर्ण पारदर्शक झाल्यावरच ओता.

5 व्होल्ट प्रति सेंटिमीटरने 75 ते 90 मिनिटं चालवा. घाईने व्होल्टेज वाढवलं की जेल तापतं आणि बँड हसरे, वाकडे येतात. लॅडर 50 बेसपेअरची, शक्य असेल तर 25 ची. ती दोन्ही कडांना लावा. ब्रोमोफिनॉल ब्लू हा निळा रंग या जेलमध्ये दोन्ही बँडच्या पुढे धावतो. तो जेलचा तीन-चतुर्थांश भाग ओलांडून गेला की थांबवून पाहा.

बँड वाचताना

फक्त 189 दिसला तर दोन्ही प्रती सामान्य. फक्त 157 दिसला तर दोन्ही गळालेल्या. दोन्ही दिसले तर मिश्र. पुस्तकात एवढंच असतं. प्रत्यक्षात मिश्र नमुन्यात 189 च्या वर तिसरा, फिकट बँड बऱ्याचदा दिसतो आणि नवखा माणूस नवीन उत्परिवर्तन सापडलं म्हणून नाचतो. ते हेटरोड्युप्लेक्स असतं. शेवटच्या फेऱ्यांत सामान्य प्रतीचा एक पदर गळालेल्या प्रतीच्या पदराशी जुळतो, मधली 32 अक्षरं फुगवट्यासारखी बाहेर राहतात आणि असा तुकडा जेलमधून हळू सरकतो. उलट हा तिसरा बँड नमुना खरोखर मिश्र असल्याची साक्ष म्हणून वापरा.

खरा धोका दुसरीकडे आहे. छोटा तुकडा पीसीआरमध्ये जास्त सहज वाढतो. डीएनए जुना, तुटलेला किंवा फार कमी असेल, तर मिश्र नमुन्यातला 189 चा बँड गायब होऊ शकतो आणि अहवालावर 'दोन्ही प्रती गळालेल्या' असं चढतं. म्हणजे एखाद्याला नसलेलं संरक्षण कागदावर मिळतं. म्हणून नुसता 157 दिसलेला प्रत्येक नमुना नव्याने काढलेल्या डीएनएवर पुन्हा लावायचा आणि सँगर सिक्वेन्सिंगने (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून) खात्री करायची. सिक्वेन्सिंगसाठी 400-500 बेसपेअरचा मोठा तुकडा देणारे बाहेरचे प्रायमर वापरा, कारण तुकड्याची सुरुवातीची पाच-पन्नास अक्षरं नीट वाचता येत नाहीत. मिश्र नमुन्याच्या आलेखात गळतीच्या जागेपर्यंत शिखरं स्वच्छ असतात आणि तिथून पुढे दोन-दोन शिखरं एकमेकांवर चढलेली दिसतात.

आकडे पटतात का?

उत्तर युरोपात गळालेल्या प्रतीचं प्रमाण सुमारे 10% आहे. तिथे 100 तले 18 लोक मिश्र आणि एक जण दोन्ही गळालेल्या प्रतींचा, असा हिशोब बसतो. आफ्रिका आणि पूर्व आशियात ही प्रत मूळ लोकसंख्येत जवळपास नाहीच, आणि भारतातही ती फार विरळ आहे. समजा प्रमाण 1% धरलं, तर मिश्र माणसं 50 त एक आणि दोन्ही गळालेली 10,000 त एक. तेव्हा पुण्यात किंवा नागपुरात गोळा केलेल्या 100 नमुन्यांत दोन जण 'दोन्ही गळालेले' आले, तर शोधनिबंध लिहायला बसू नका. आधी पाण्याचा कंट्रोल पाहा, मग नळ्यांची अदलाबदल.

उलट चूकही तेवढीच होते. 100 जणांत एकही डेल्टा 32 मिळाला नाही म्हणून 'या समाजात ही प्रत नाही' असं लिहिलं जातं. प्रमाण खरंच 1% असेल, तरी 100 जणांत एकही न मिळण्याची शक्यता सुमारे 13% असते. 100 जणांच्या मिळून 200 गुणसूत्रांत शून्य सापडलं, तर 'प्रमाण 1.5% पेक्षा जास्त असण्याची शक्यता कमी' इतकंच म्हणता येतं.

चिपवरच्या (एकाच वेळी हजारो जनुकीय बदल तपासणाऱ्या पट्टीवरच्या) माहितीवर विसंबणाऱ्यांसाठी एक मोठं उदाहरण आहे. 2019 साली नेचर मेडिसिनमध्ये एक निबंध आला. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसंग्रहावरून त्यात म्हटलं होतं, की डेल्टा 32 च्या दोन प्रती असणाऱ्यांचा मृत्युदर 21% जास्त असतो. त्याच वर्षी तो मागे घेतला गेला. गळती शोधायला वापरलेला चिपवरचा प्रोब दोन प्रतींची माणसं कमी मोजत होता, आणि निष्कर्ष त्या त्रुटीतून आला होता. घरबसल्या थुंकी पाठवून मिळालेल्या कच्च्या माहितीत हा निकाल दिसत असेल, तर तो पीसीआरने पडताळल्याशिवाय खरा धरू नका.

अहवालात काय लिहावं, काय लिहू नये

'एचआयव्ही होणार नाही' हे शब्द अहवालात कुठेही नकोत. दोन्ही प्रती गळालेल्या असल्या तरी सीएक्ससीआर4 हा दुसरा ग्राहक वापरणारे विषाणू शिरू शकतात, आणि अशा लोकांना बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. मिश्र प्रकारच्या व्यक्तीला लागणीपासून म्हणावं असं संरक्षण नसतं. लागण झाल्यावर आजार काहीसा हळू वाढतो एवढंच, आणि औषधोपचार सुरू असताना त्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. दुसरी बाजूही लिहा. वेस्ट नाइल विषाणूची लागण झाली तर दोन्ही प्रती गळालेल्यांना गंभीर आजाराचा धोका जास्त दिसला आहे.

चाचणी फक्त ही एक गळती पाहते, हेही एका ओळीत लिहा. सीसीआर5 निकामी करणारे इतर दुर्मीळ बदल या जेलवर दिसणार नाहीत. एचएलए-बी57 किंवा बी27 या प्रतिकारशक्तीच्या जनुकप्रकारांचा उल्लेख इथे करायचा मोह होतो, पण त्यांचं काम वेगळं आहे. ते लागण रोखत नाहीत, लागण झाल्यावर काही लोकांत विषाणूची संख्या दाबून ठेवायला मदत करतात. बी57:01 ची चाचणी रोजच्या उपचारात लागते ती वेगळ्याच कारणासाठी. हा प्रकार असलेल्यांना अबॅकाविर या औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. सीसीएल3एल1 जनुकाच्या प्रतींची संख्या मोजून देणाऱ्या चाचण्यांवर तर पैसे घालवू नका. 2005 मध्ये त्याचा गाजावाजा झाला, नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. 2013 साली हजारो बाधित आणि अबाधित लोकांच्या जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हाही लागणीपासून संरक्षण देणारा ठाम घटक म्हणून दोन प्रतींचा डेल्टा 32 एवढाच उरला.

'बर्लिनच्या रुग्णासारखा उपचार आम्हाला मिळेल का', असं समुपदेशकाला विचारलं जातंच. तो रुग्ण म्हणजे टिमथी रे ब्राउन. त्यांना 2007 मध्ये ल्युकेमियासाठी प्रत्यारोपण करावं लागलं, आणि दाता मुद्दाम दोन्ही प्रती गळालेला शोधला होता. त्यांचा एचआयव्ही परत आला नाही. 2020 मध्ये ते ल्युकेमियाने गेले. हे प्रत्यारोपण स्वतःच जीवघेणं ठरू शकतं. रक्ताच्या कर्करोगासाठी ते करावंच लागत असेल तरच असा दाता शोधण्याचा विचार होतो, आणि भारतीय रुग्णाला जुळणारा एचएलए असलेला असा दाता मिळणं जवळपास अशक्य आहे. सीसीआर5 अडवणारं मॅराविरॉक हे औषध 2007 पासून आहे. ते देण्याआधी रुग्णाच्या शरीरातला विषाणू कोणता ग्राहक वापरतो याची ट्रॉपिझम चाचणी लागते. रुग्णाच्या डेल्टा 32 च्या चाचणीतून ते कळत नाही.

निकाल काहीही असो, संपर्क झाल्याची शंका असेल तर 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, संपर्कोत्तर प्रतिबंधक औषधं सुरू करून ती 28 दिवस घ्यायची असतात. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) हेल्पलाइन 1097. हे अहवालाच्या तळाशी ठळक छापा, निकालाच्या अक्षरांपेक्षा लहान नाही.